नासपतीच्या पानावरचे नाणे

उत्तर इटलीत पो नदीच्या सपाट खोऱ्यात फेरारा आणि मोदेना ही शहरे आहेत. त्यांच्या अवतीभवती मैलोन्‌मैल नासपतीच्या बागा पसरल्या आहेत. नासपती म्हणजे आपल्या बाजारात आता ज्याला सर्रास ‘पेअर’ म्हणतात ते फळ. ऐन उन्हाळ्यात अशा एखाद्या बागेत पानांवर तपकिरी गोल ठिपके दिसतात. पहिल्या नजरेत बुरशीच वाटावी असे. पण पान तोडून उन्हासमोर धरले की ठिपक्याच्या आत, मध्यापासून कडेकडे गेलेली काळपट वलये दिसतात. झाड कापल्यावर बुंध्यात दिसतात तशी. ठिपक्यावर बोट फिरवले तर तिथला पापुद्रा सुटा, पोकळ लागतो. तिथे कोणी तरी राहून गेलेले असते किंवा अजून राहत असते.

राहणारा जीव म्हणजे एका चिमुकल्या पतंगाची अळी. शास्त्रीय नाव ल्यूकोप्टेरा मॅलिफोलिएला. जर्मन लोक या पतंगाला ‘फेनिगमिनियरमोट’ म्हणतात. फेनिग म्हणजे पैसा, तेव्हा पानावर पैशाएवढे गोल खणणारा तो हा पतंग. फ्रेंच बागायतदाराला ठिपक्यातली वलये दिसली, म्हणून त्याने ‘वलयवाली खणकरीण’ अशा अर्थाचे नाव दिले. इंग्रजांना पानावर फोड आल्यासारखे वाटले आणि नाव पडले ‘पेअर लीफ ब्लिस्टर मॉथ’.

पैसा, वलय, फोड. पहिल्या दोन नावांत कौतुक आहे, तिसऱ्यात दुखणे. या किड्याचा गेल्या तीनशे वर्षांचा इतिहासही असाच कौतुकाकडून दुखण्याकडे गेलेला आहे. तो तसा का गेला, हे शोधताना किड्यापेक्षा माणसाबद्दल जास्त कळत जाते.

दोन पापुद्र्यांमधले घर

आधी या प्राण्याची दिनचर्या पाहू, कारण पुढची सगळी भानगड तिच्यातूनच उद्भवली आहे.

पंख पसरले तरी हा पतंग सहा ते आठ मिलिमीटरच भरतो. तांदळाच्या दाण्याच्या आसपास. रंग चकचकीत शिशासारखा, पंखांच्या टोकांना नारिंगी छटा आणि काळ्या बारीक रेघा. वसंतात, नासपतीला पालवी फुटते त्या सुमारास, कोषातून पतंग बाहेर पडतात. मादी पानाच्या खालच्या बाजूला एकेक अंडे चिकटवते. अंडे उबते तेव्हा अळी उघड्यावर येतच नाही. अंड्याच्या तळातूनच ती थेट पानात शिरते. पानाची वरची आणि खालची त्वचा शाबूत ठेवून मधला हिरवा गर खात ती गोल गोल फिरते. विष्ठाही वर्तुळातच मागे राहते आणि तीच ती काळपट वलये. तीन-चार आठवड्यांत डाग सेंटिमीटरभर रुंद होतो. मग अळी पापुद्रा फोडून बाहेर येते, रेशमी धाग्यावर लोंबकळते, कधी वाऱ्याने दुसरीकडे जाते आणि सालीच्या भेगेत, पानावर किंवा फळाच्या खळग्यात पांढरा कोष विणते. वर्षाला दोन-तीन पिढ्या होतात, उष्ण भागात त्याहून जास्त. हिवाळा कोषात जातो.

म्हणजे अळीचे खाण्याचे सगळे आयुष्य एकाच पानाच्या पोटात जाते. ऊन, पाऊस, पक्ष्यांची नजर यांपासून ती बरीचशी सुरक्षित असते. तिचा खरा शत्रू एकच: तिच्याहूनही बारीक, एक-दोन मिलिमीटरच्या परोपजीवी गांधीलमाश्या. गांधीलमाशी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते तशी ही नव्हे. हिला माणसाला डंख मारता येत नाही आणि भिंगाशिवाय ती धड दिसतही नाही. ती पानावर चालते, शृंगिकांनी पान तपासत जाते, खाली अळी आहे हे ओळखते आणि पापुद्र्यातून नळी खुपसून अळीवर किंवा अळीत अंडे घालते. मग माशीचे पिल्लू अळीला खाते. क्रायसोकॅरिस आणि निगॅलिओ या प्रजातींतल्या अशा माश्या युरोपातल्या बागांत पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आल्या आहेत.

अळी पानाच्या आत असते आणि तिची वैरीण पानावर चालते, एवढे ध्यानात ठेवावे.

पैशाचे साप्ताहिक

पानात राहणाऱ्या अळ्यांकडे पहिल्यांदा नीट पाहिले ते फ्रान्सच्या रेने-अंतुआन रेओम्यूर यांनी. शाळेत तापमापकाच्या धड्यात भेटणारे रेओम्यूर ते हेच. १७३४ ते १७४२ या काळात त्यांनी कीटकांच्या इतिहासाचे सहा जाडजूड खंड छापले. १७३७च्या तिसऱ्या खंडात ‘पानांतल्या खाणकामगार अळ्यां’चे प्रकरण आहे. खाणकामगार हा त्यांचाच शब्द. काही अळ्या नागमोडी बोगदे खणतात, तर काही एकाच जागी दालन वाढवत नेतात, हा फरक त्यांनी टिपला. त्यांच्या लेखी हे कारागीर होते. नुकसानीची तक्रार तिथे जवळपास नाही. आहे ते आश्चर्य की, कागदाएवढ्या जाडीच्या जागेत कोणी संसार कसा थाटावा!

आपल्या पतंगाला शास्त्रीय नाव मिळायला आणखी शंभर वर्षे गेली आणि मिळाली ती दोन नावे. नेपल्सचे ओरॉन्झिओ गाब्रिएले कोस्ता त्या राज्याच्या प्राणिसृष्टीवर ग्रंथमाला लिहीत होते. १८३६च्या सुमारास त्यांनी त्याला ‘मॅलिफोलिएला’ म्हटले, म्हणजे सफरचंदाच्या पानावरची. नासपती आणि सफरचंद ही चुलत भावंडे असल्याने पतंगाला दोन्ही चालतात. तीन वर्षांनी, १८३९मध्ये, फिलिप क्रिस्टोफ झेलर या जर्मन शिक्षकाने त्याच पतंगाला ‘स्किटेला’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘स्किटस’ म्हणजे नेटके, सुरेख. पोरांचे धडे संपल्यावर दिव्याखाली तांदळाएवढ्या पतंगांचे पंख पाहत बसणाऱ्या माणसाला त्यात सौंदर्य दिसले, याचे नवल वाटायला नको.

आधी दिलेले नाव खरे, हा प्राणिशास्त्राचा नियम. त्यामुळे शेवटी कोस्ताचे नाव टिकले. पण विसाव्या शतकातल्या बऱ्याच कृषिग्रंथांत ‘स्किटेला’च सापडते. त्यातही गंमत अशी की झेलरनेच १८४८मध्ये या गटाला ‘सेमिओस्टोमा’ असे एक नाव दिले होते. शास्त्रज्ञांनी ते केव्हाच टाकून दिले, पण इटलीतले शेतकरी आजही या किडीला ‘चेमिओस्टोमा’ म्हणतात. संग्रहालयातून हद्दपार झालेला शब्द बांधावर जिवंत राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या सूक्ष्म पतंगांचा खरा दरबार भरत असे तो लंडनजवळच्या लुईशममध्ये, हेन्री टिबॅट्स स्टेन्टन यांच्या घरी. त्यांचा ‘नॅचरल हिस्टरी ऑफ द टिनाइना’ हा ग्रंथ १८५५ ते १८७३ या काळात तेरा खंडांत निघाला. तोही इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि लॅटिन अशा चार भाषांत शेजारी शेजारी. त्याच्या पहिल्याच खंडात सेमिओस्टोमा गटाला जागा मिळाली होती. १८५६पासून त्यांनी कीटकप्रेमींसाठी एक साप्ताहिकही काढले. किंमत एक पेनी. कोणी कुठे काय पाहिले, कोणाला कोणते नमुने हवे आहेत, असा मजकूर त्यात असे. १८५९च्या एका अंकात चार्ल्स डार्विनच्या तीन लहान मुलांच्या नावाने भुंगेऱ्यांबद्दलची छोटीशी नोंदही आहे.

हे तपशील सांगण्याचे कारण असे की, या सगळ्या व्यवहारात पान खणणारा पतंग हा कोणाचाच शत्रू नव्हता. तो दुर्मीळ नव्हता, नवा नव्हता. बागेत होता, पानावर त्याचे पैसे उमटत होते आणि नासपती पिकत होती.

राजाच्या बागेपासून पिंपापर्यंत

त्या काळची नासपतीची बाग डोळ्यांसमोर आणायची, तर व्हर्सायच्या राजवाड्याजवळची चौदाव्या लुईची भाजीफळांची बाग आठवावी. वकिली सोडून माळी झालेल्या ज्याँ-बातिस्त द ला कँतिनी यांनी ती १६७८ ते १६८३ या काळात उभी केली. नासपती त्यांचे आवडते फळ. भिंतीलगत फांद्या ताणून, बांधून वाढवलेली झाडे. प्रत्येकाचे वाण वेगळे, पिकण्याचा काळ वेगळा. पुढे बेल्जियममध्ये ज्याँ-बातिस्त व्हॅन मॉन्स यांनी नासपतीची हजारो रोपे बियांपासून वाढवून नवे वाण निवडले. शेतकऱ्यांकडे परसात, कुरणाच्या कडेला उंच जुनी झाडे असत. त्यांच्या सालीला भेगा, भेगांत कोळी, बुंध्याशी गवत, कुंपणाला हॉथॉर्नची झुडपे. या हॉथॉर्नवरही हाच पतंग राहतो आणि त्याच्या वैरिणी माश्याही राहतात. म्हणजे बागेच्या कुंपणातच पोलीसचौकी होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फळ हा दूरच्या बाजारातला माल झाला. रेल्वे आली, शीतगृहे आली, शहरे वाढली. एकाच जातीची हजारो झाडे एका रांगेत उभी राहू लागली. शहरी गिऱ्हाईकाला फळ निर्दोष हवे होते आणि फळातली अळी त्याला बिलकूल चालत नव्हती. ही फळातली अळी म्हणजे कॉडलिंग मॉथ, सफरचंद-नासपतीची खरी जुनी शत्रू. तिच्यासाठी पहिली मोठी मोहीम निघाली.

हत्यार होते शिशाचे आर्सेनेट. १८९२मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये जिप्सी मॉथ या दुसऱ्याच किडीसाठी ते तयार झाले आणि पाहता पाहता फळबागांत पसरले. शिसे आणि आर्सेनिक, दोन्ही विषे एकाच पिंपात. १९२५-२६ साली ब्रिटनमध्ये अमेरिकन सफरचंदांवर आर्सेनिक सापडल्यावरून मोठा गदारोळ झाला. पण त्यातून फवारणी थांबली नाही. फळ धुण्याची यंत्रे आली. एवढे मात्र खरे की आर्सेनेट पोटात गेल्यावरच मारते. पान कुरतडणाऱ्याला ते बाधते. पानावरून नुसते चालत जाणारी गांधीलमाशी पुष्कळदा वाचते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा फरक पुसला गेला.

ज्याच्यासाठी फवारले, तो आत बसला होता

१९३९मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे पॉल म्यूलर यांना डीडीटीचे कीटकनाशक गुण सापडले. १९४८मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मलेरिया आणि टायफसपासून या भुकटीने असंख्य जीव वाचवले, हे कोणी नाकारू नये. पण फळबागेत डीडीटीचे काम वेगळ्या रीतीने झाले. ते स्पर्शाने मारते आणि पानावर आठवडेच्या आठवडे टिकते. मागोमाग पॅराथिऑनसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधे आली. कॉडलिंग मॉथ कमी झाला. बागायतदार खूश झाले. फवारणीचे वेळापत्रकच छापून मिळू लागले: कळी फुगली की एक, पाकळ्या गळल्या की एक, मग दर पंधरवड्याला एक. कीड आहे की नाही, हे पाहायची गरज उरली नाही. कॅलेंडर पाहिले की पुरे.

आणि मग बागांत असे जीव दिसू लागले ज्यांच्याकडे आजवर कोणी लक्ष दिले नव्हते. आधी लाल कोळी. त्यांना खाणारे भक्षक कोळी आणि भुंगेरे डीडीटीने मेले होते. पाठोपाठ पान खणणारे पतंग. १९६० आणि ७०च्या दशकांत इटली, हंगेरी, बल्गेरिया, युगोस्लाव्हिया अशा देशांतल्या सफरचंद-नासपतीच्या बागांत एकेका पानावर एखादा नव्हे, तर अनेक ठिपके दिसू लागले. ठिपके एकमेकांत मिसळून पान करपते आणि वेळेआधी गळते. पान गेले की फळ पोसत नाही आणि पुढच्या वर्षीच्या कळ्याही धड भरत नाहीत. शिवाय फळाच्या देठाजवळ किंवा तळाच्या खळग्यात अडकलेला पांढरा कोष निर्यातीच्या पेटीत दिसला, तर फळ चांगले असूनही माल नाकारला जातो.

शेतकऱ्याने साहजिकच आणखी औषध मारले. पण अळी पानाच्या आत होती, दोन पापुद्र्यांच्या आड. वरून मारलेले बरेचसे औषध तिच्यापर्यंत पोचत नव्हते. पोचत होते ते तिला शोधत पानभर चालणाऱ्या गांधीलमाशीच्या पायांना. प्रत्येक फवारणी म्हणजे चोराच्या घराला कडी लावून रस्त्यावरचा पोलीस मारण्यासारखे झाले. त्यातही पतंगाच्या पिढ्या लवकर लवकर होतात. विषाला दाद न देणारे वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. कृषिशास्त्रात अशा किडीला दुय्यम कीड म्हणतात. दुय्यम म्हणजे आधी नगण्य असलेली, आपण दुसऱ्याच कोणाला मारायला गेलो म्हणून पुढे आलेली.

अशा वेळी पहिला प्रश्न पडतो, ही ब्याद आली कुठून? कधी कधी ती खरोखर बाहेरून आलेली असते. हॉर्स चेस्टनटच्या झाडाची पाने खणणारा एक पतंग १९८४मध्ये मॅसिडोनियातल्या ओहरिड सरोवराजवळ प्रथम दिसला आणि पाहता पाहता युरोपभर पसरला. तो मूळचा कुठला, यावर बराच वाद झाला. उत्तर मिळाले ते वनस्पतिसंग्रहात. १८७९मध्ये थिओडोर फॉन हेल्डराइख यांनी ग्रीसमध्ये गोळा करून कागदांत दाबून ठेवलेल्या पानांत त्याच पतंगाच्या अळ्या वाळून पडल्या होत्या. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांच्या डीएनएवरून ओळख पटली. तो बाल्कनमधलाच, डोंगरकपारीत गुपचूप राहणारा जीव होता. पाने अशी साक्ष ठेवतात. अमेरिकेतल्या डकोटा खडकांत सुमारे ९ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या पानांचे ठसे आहेत आणि त्यांवरही अळ्यांनी खणलेल्या वाटा स्पष्ट दिसतात. माणूसच काय, नासपतीसुद्धा नव्हती तेव्हाची ही कारागिरी आहे.

नासपतीच्या पतंगाबाबत मात्र संग्रह उघडायचीही गरज नव्हती. कोस्ताच्या, झेलरच्या, स्टेन्टनच्या पुस्तकांत तो होताच. तो कुठूनही आला नव्हता.

हात आवरणे

ही गोष्ट सर्वांत आधी ज्यांच्या ध्यानात आली त्यांत कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचे ए. डी. पिकेट होते. सफरचंदावरच्या बुरशीसाठी मारलेल्या गंधकाने खवले कीड वाढते, कारण तिचे वैरी मरतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या दशकात दाखवले. निसर्गातले मित्र वाचतील अशीच औषधे, तीही लागतील तेव्हाच, असा त्यांचा आग्रह. सुरुवातीला त्यांना फारसे कोणी विचारले नाही. १९६२मध्ये रेचल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये त्यांच्या कामाची आवर्जून दखल घेतली.

दरम्यान १९५९मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चौघांनी एकात्मिक नियंत्रणाची कल्पना एका निबंधात नीट मांडली. आपल्या कृषी अधिकाऱ्यांच्या तोंडी असणारी ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ त्यातलीच. सोप्या शब्दांत, कीड दिसली म्हणून फवारायचे नाही. तिच्यामुळे होणारे नुकसान फवारणीच्या खर्चापुढे जाणार असेल तरच फवारायचे. हे ऐकायला वाण्याच्या हिशेबासारखे वाटते. पण त्याचा अर्थ असा होता की, काही ठिपके सहन करायचे. निर्दोष पानाचा हट्ट सोडायचा.

इटलीतल्या एमिलिया-रोमान्या प्रांताने, म्हणजे फेरारा-मोदेनाच्याच प्रांताने, १९७०च्या दशकात हे मनावर घेतले. तिथे त्याला ‘लोत्ता ग्विदाता’ म्हणत, म्हणजे मार्गदर्शित लढाई. बागेत फिरून पाने मोजायची, सापळे लावायचे आणि मगच ठरवायचे. बोलोन्या विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ जॉर्जिओ चेली हे या विचाराचे तिथले मोठे प्रवक्ते. ते कवी आणि नाटककारही होते, इटलीतल्या ‘ग्रूप्पो ६३’ या प्रयोगशील लेखकगटात होते आणि पुढे दूरचित्रवाणीवर प्राण्यांचे कार्यक्रम करून घराघरांत पोचले. किड्यांचा विषय प्रयोगशाळेतून माजघरात नेणारा माणूस साहित्यातला असावा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शास्त्रानेही हत्यारे बदलली. नेदरलँड्समध्ये डायफ्लुबेन्झुरॉन हे औषध निघाले. ते अंडी-अळ्यांची कात तयार होऊ देत नाही. प्रौढ गांधीलमाशीला त्याचा त्रास खूप कमी. १९८७मध्ये नासपतीच्या पतंगाच्या मादीचा कामगंध कोणत्या रसायनाचा, ते ओळखले गेले. त्यामुळे कामगंध सापळ्यांत नर किती सापडतात हे मोजून पिढी कधी सुरू झाली ते कळू लागले. तरी सगळ्या सल्लापत्रिकांत एक वाक्य हटकून असते: वसंतात सरसकट मारक औषधे टाळा, माश्यांना जगू द्या. ठिपका फोडून आत पाहा. अळीशेजारी माशीचे पिल्लू दिसले तर पंप परत नेऊन ठेवा.

जिथे हे पाळले गेले तिथे पतंग नाहीसा झाला नाही. तो पुन्हा पूर्वीसारखा झाला, नगण्य. लढाई जिंकली असे म्हणावे, तर शत्रू अजून बागेतच आहे. फरक पडला तो माणसाने हात आवरल्याने. अर्थात हे कायमचे नाही. कुठे एखादे नवे, सरसकट मारणारे औषध रुळले की दोन-तीन हंगामांत पानावरचे पैसे परत वाढतात.

नागअळीची बहीण

मराठी वाचकाला ही सगळी गोष्ट परकी वाटायचे कारण नाही. विदर्भात संत्र्याच्या नवतीवर, कोवळ्या चकचकीत पानांवर, चांदीच्या तारेसारखी नागमोडी रेघ ज्याने पाहिली आहे, त्याला पान खणणारी अळी ठाऊक आहे. तिला आपण नागअळी म्हणतो. पैसा, वलय, फोड यांच्या पंक्तीत आपला नाग सहज बसतो. या रेघेने पान वेडेवाकडे वळते आणि जखमेतून खैऱ्या रोगाला वाट मिळते. तिचे शास्त्रीय नाव फिलोक्निस्टिस सिट्रेला. आणि हे नाव दिले ते लुईशमच्या त्याच स्टेन्टन यांनी, १८५६मध्ये, कलकत्त्याहून आलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे पेनीचे साप्ताहिक सुरू झाले त्याच वर्षी.

ही नागअळी १९९३मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोचली आणि तिथल्या संत्राबागांत तिने धुमाकूळ घातला. तिथे ती खरोखर परकी होती. तिच्या खास वैरिणी मागे आशियात राहिल्या होत्या. फ्लोरिडाच्या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातून एजेनिॲस्पिस सिट्रिकोला ही इवलीशी गांधीलमाशी आणली. ऑस्ट्रेलियाने ती आधी थायलंडमधून नेली होती. तिच्या एकाच अंड्यातून अनेक पिल्ले होतात. १९९४मध्ये सोडल्यावर ती तिथे रुजली. फ्लोरिडाने जी माशी समुद्र ओलांडून विमानाने आणली, तशा माश्या पो नदीच्या खोऱ्यात आधीपासून फुकट होत्या. त्यांना फक्त मारायचे नव्हते.

नागपूरच्या बागेतही आज प्रश्न तोच आहे. नवती फुटली, रेघा दिसल्या की दुकानदाराकडून एक बाटली येते, आठ दिवसांनी दुसरी. नागअळीचे शत्रू आपल्या बागांत आहेत, कारण ती मूळची आशियातलीच. पण ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि बाटली दिसते. जुन्या, भरल्या झाडाला काही पानांवरच्या रेघांनी फारसे बिघडत नाही. जपावे लागते ते रोपवाटिकेतल्या आणि नव्या लावणीच्या झाडांना. हे सांगणारा माणूस शेतकऱ्याला भेटण्याआधी औषध विकणारा भेटतो. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. पीक वेगळे, कीड वेगळी, पण ‘दिसले की मारा’ ही सवय एकच. ती सवय पानावरून चालणाऱ्या माशीला मारते आणि कधी पाठीवर पंप घेतलेल्या माणसालाही.

रेओम्यूर यांनी तीनशे वर्षांपूर्वी या अळ्यांना खाणकामगार म्हटले, तेव्हा त्यांना फक्त खाण दिसत होती. त्या खाणीवर कोण पहारा देतो, हे कळायला बागायतदारांना अर्धे शतक पाने गमवावी लागली. आज पो नदीच्या खोऱ्यातल्या चांगल्या बागेत जुलै महिन्यात पान उलटून पाहिले तर एखादा तपकिरी पैसा सापडतोच. तिथला जाणता बागायतदार तो नखाने उकलतो, भिंगातून आत पाहतो आणि पुढच्या झाडाकडे जातो.